विहाराचं फाटक आणि पाचवं शील

८ जुलै

ही डायरी वेल्डिंग रॉडच्या डीलरने फुकट दिली. पहिल्या पानावर कोणत्या रॉडला किती करंट लावायचा त्याचा तक्ता, शेवटच्या पानावर भारताचा नकाशा. मधली पानं कोणाच्याच कामाची नाहीत, म्हणून ती माझ्या वाट्याला आली. रीनाचा सल्ला असा की, “मम्मी, गुस्सा इसमें लिख दिया करो, पापा पे मत निकाला करो.” आमची पोट्टी कॉलेजात जाते, मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीतच देते.

तर आजचा गुस्सा. अभनपुरचा शेतकरी सुशील साहू सकाळीच दुकानात आला आणि त्याने ट्रॉलीचा दांडा माझ्या टेबलावर ठेवला. टेबल माझं, कारण पुरानी बस्तीच्या मागच्या रस्त्यावरच्या ‘रामटेके वेल्डिंग’मध्ये गिऱ्हाइकांशी बोलणं, सामान आणणं आणि शिव्या खाणं ही खाती माझ्याकडे आहेत. वेल्डिंगचं खातं मिस्त्रींकडे. मिस्त्री म्हणजे आमचे हे, बुद्धभूषण रामटेके.

“देख तो भउजी,” सुशील इकडच्या गावबोलीत म्हणाला, “जोड इहां हे, अउ वेल्डिंग उहां हे.”

मी पाहिलं. वेल्डिंग देखणी होती. सरळ, एकसारखी, कुठे फुगवटा नाही. फक्त सांध्यापासून बोटभर लांब होती. सांधा बिचारा उघडाच, आणि शेजारच्या धडधाकट लोखंडावर सुरेख टाका घातलेला. डावा पाय मोडलेल्या माणसाच्या उजव्या पायाला प्लास्टर करावं, तसं हे काम.

मिस्त्री म्हणाले, “लक्ष नव्हतं.” इतकी वर्षं ज्यांचं लक्ष फक्त लोखंडावर होतं, बायकोपोरीवर कधी नव्हतं, त्यांचं तेही लक्ष आता कुठे गेलं, हे मी गिऱ्हाइकासमोर विचारलं नाही. सुशीलला चहा पाजला आणि दांडा पुन्हा जोडून द्यायचं कबूल केलं.

१४ जुलै

विहार समितीच्या कमलाताई घरी आल्या. विहाराचं नवं लोखंडी फाटक करायचं काम समितीने आम्हाला दिलं. मधोमध अशोकचक्र, चोवीस आरे, आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी, चौदा ऑक्टोबरला, ते बसलेलं पाहिजे. आजवर विहाराचं काम बाहेरच्या ठेकेदाराला जायचं आणि आपली माणसं त्याच्या नावाने बोटं मोडायची. आता बोटं मोडायला आम्ही मिळालो. फाटक चांगलं झालं तर कमलाताईंच्या ओळखीने रेल्वे कॉलनीतली कामं येतील. बिघडलं तर पाऱ्यात, म्हणजे आमच्या मोहल्ल्यात, तोंड दाखवता येणार नाही, आणि दुकानाचं शटर कायमचं खाली. घर तर त्या दुकानावरच चालतं.

जाताना त्या दारात थांबल्या. “रुचिता, भूषण आजकाल जय भीम घेत नाही वं. परवा मी बाजूनंच गेली. दोनदा म्हटलं, तर पाह्यलंसुद्धा नाही. काम भेटणार म्हून इतका भाव?”

मी म्हटलं, लक्ष नसेल ताई. हे वाक्य आता मलाही पाठ झालं आहे.

१९ जुलै

संध्याकाळी मिस्त्री उंबरठ्याला अडखळले. काल अंगणातल्या बादलीवर आपटले. बादली आमच्या लग्नापासून तिथेच असते. गेल्या महिन्यापासून अधूनमधून म्हणतात, “पंडरीले जाऊन येतो.” पंडरी म्हणजे कपड्यांचा बाजार. लोखंडवाल्याचं तिथे काय काम? परत येतात तेव्हा हातात साडी नाही, टॉवेल नाही, साधा रुमालही नाही. डोळे मात्र लाल.

आज शर्ट धुवायला घेतला तर खिशात लहानशी बाटली निघाली, डोळ्यांत टाकायचे थेंब. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मागच्या गल्लीतला एक जण पिऊन घरी जायच्या आधी असेच थेंब टाकायचा, डोळे पांढरे दिसावेत म्हणून. बायको ओळखायची ती ओळखायचीच.

मी आडपडदा ठेवला नाही. “पिऊन राहिले का तुम्ही?”

मिस्त्रींनी बाटली माझ्या हातातून काढून घेतली. मग म्हणाले, “हो. घेतो थोडी.”

इतकं सहज, जसं काही दूध घेतो म्हणाले. हा तोच माणूस, ज्याने स्वतःच्या वरातीत मित्राने दिलेला ग्लास नालीत ओतला होता आणि पाचवं शील म्हणून दाखवलं होतं, नशा करणार नाही. तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता. मी नाक जवळ नेऊन पाहिलं. वास काही आला नाही. महागाची पीत असतील.

२३ जुलै

आज मिस्त्रींनी फर्मान काढलं. “तू वेल्डिंग शिक. माझा हात पहिल्यासारखा राहिला नाही. फाटक तूच कर. मी सांगतो तसं करत जा.”

वा! नवरा पिणार, बायको लोखंड जाळणार, आणि नवरा खुर्चीत बसून भाषण देणार. वर म्हणतात, “बाया आजकाल सगळं करतात.” बायांबद्दलचा हा उमाळा इतके दिवस कुठे दडला होता, कोणास ठाऊक. मी होकार दिला, पण रागाने दिला. नागपूरला भावाकडे निघून जावं असंही मनात आलं. पण मी गेले तर फाटक कोण करणार? दारुड्याच्या हातून चक्राला आरे किती लागतील, याची खात्री नाही.

२६ जुलै

पहिला धडा. सकाळपासून दुपारपर्यंत वेल्डिंग झालीच नाही, नुसते उपदेश झाले.

नायलॉनची साडी चालणार नाही, ठिणगी पडली की कातडीला चिकटते. म्हणून मिस्त्रींचा जुना सुती शर्ट, रीनाची जीन्स, पायात बूट. बाह्या खाली, कॉलरचं बटण बंद. हातात चामड्याचे मोजे, तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा. पाऱ्यातल्या बायका येता-जाता थांबून बघत होत्या. मी नेमकी कोण झाले आहे, यावर त्यांचं एकमत होत नव्हतं.

मग अर्थिंगचा चिमटा. तो रंगावर किंवा गंजावर लावायचा नाही, लोखंड घासून चकचकीत केलेल्या जागी लावायचा. मग करंट. बारा नंबरच्या बारीक रॉडला सत्तर-ऐंशी, दहा नंबरच्या जाड रॉडला शंभरच्या वर. हे तर माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे. तसं मी म्हटलं, तर म्हणाले, “तक्ता सुरू कराले ठीक आहे. पुढे कान सांगते.”

रॉड आगपेटीच्या काडीसारखी घासायची, आर्क पेटला की लगेच थोडीशी उचलायची. मी घासली, ती चिकटली. पुन्हा घासली, पुन्हा चिकटली. “ओढू नोको. मनगट फिरव, झटका दे. नाही सुटली तर होल्डरमधून सोडून दे,” मिस्त्री म्हणाले. मग पेटली, तर मी घाबरून इतकी उचलली की विझली.

ते खुर्चीवर मान वर करून बोलत होते. मी त्यांच्या बाजूला उभी राहून जीभ काढून दाखवली. मिस्त्रींनी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं आणि रॉडच्या कोटिंगवर बोलत राहिले.

५ ऑगस्ट

पाऊस काही थांबत नाही. माझ्या रॉडा नुसत्या तडतडतात आणि टाक्यात बारीक भोकं पडतात. मी समजले माझा हात वाईट. मिस्त्री खुर्चीवरूनच म्हणाले, “रॉड सादळली आहे. तुले ऐकू नाही येऊन राहिलं का?”

त्यांना म्हणे आवाजावरून कळतं. अंतर बरोबर असलं, म्हणजे रॉड लोखंडापासून तिच्याच जाडीइतकी दूर असली, की कढईत भजे तळल्यासारखा सलग आवाज येतो. दूर गेली की फटफट, शिंतोडे. फार जवळ गेली की आवाज दबतो आणि ती चिकटते. हे सगळं ते डोळे मिटून सांगतात, बुवाबाजी करणाऱ्यासारखं. मी उठून बघायला सांगितलं तर म्हणतात, “पाहाचं काय त्यात? ऐकून राहिलो नं मी.” दारू माणसाला किती आळशी करते याचा हा नमुना.

रॉडा उन्हात वाळवायच्या, पण ऊन कुठे आहे? शेवटी चुलीजवळच्या फळीवर गरम केल्या आणि मिस्त्रींनी माझा चिवड्याचा हवाबंद डबा त्यांच्यासाठी जप्त केला. आता चिवडा पिशवीत सादळतो आणि रॉडा कुरकुरीत राहतात.

१७ ऑगस्ट

रविवारची वंदना. पंचशील घेताना मी मुद्दाम कान देऊन उभी होते, पाचव्या शीलाला आमचे महाशय काय करतात बघायला. तर निर्लज्जपणाची हद्द. चौथं शील, खोटं बोलणार नाही, ते तोंडातल्या तोंडात गिळलं, आणि पाचवं एवढ्या खणखणीत आवाजात म्हटलं की भिंतीवरची पाल हलली. पिणाऱ्याला कुठे काय म्हणावं याचंही भान राहत नाही. मला विहारातच रडू आलं. शेजारच्या बाईला वाटलं, भक्तीने आलं.

२२ ऑगस्ट

काल एक छोटा टाका होता. म्हटलं मुखवटा कशाला, डोळे किलकिले करून टाकू. आज सकाळी डोळ्यांत कोणी मूठभर वाळू ओतली आहे असं वाटत होतं. पाणी थांबेना. रीनाने बटाट्याच्या चकत्या आणल्या. मिस्त्रींनी त्या फेकून दिल्या आणि जन्मात कधी ओरडले नाहीत इतके ओरडले. “डोळे का बजारात भेटतात? अर्ध्या सेकंदाचं काम असलं तरी काच पाहिजे म्हंजे पाहिजे!”

मग मेडिकलमधून थेंब आणले. आणि काय सांगू, इतक्या सफाईने टाकले! मान मागे, खालची पापणी ओढून एकच थेंब, आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून म्हणाले, “दाबून ठेव, म्हंजे औषध घशात उतरत नाही.” ज्या माणसाला स्वतःचा चष्मा कधी पुसता आला नाही, त्याला हे कसब कुठून आलं? सवयीने, दुसरं काय. रोज लाल डोळे लपवायचे म्हणजे हात बसतोच.

त्यांची बोटं माझ्या गालावर बराच वेळ होती. रागावलेली असूनही मला ते बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

१ सप्टेंबर

चक्राची सुरुवात आणि चक्राचा शेवट, दोन्ही आजच. मी शहाणपणा करून आरे एका शेजारी एक असे ओळीने लावत गेले. अर्धं चक्र होईपर्यंत ते भाजलेल्या पापडासारखं एका बाजूने उचललं गेलं.

मिस्त्रींनी त्यावरून हात फिरवला. नुसता हात. “ओळीनं लावले?” मी मुखवटा वर केला. “लोखंड तापते तिकडे ओढल्या जाते. समोरासमोर लावाचं, घड्याळाच्या आकड्यांवानी. बारा वाजता एक, मग सहा वाजता. तीन वाजता, मग नऊ. आधी सगळे नुसते टोचून घे, पक्की वेल्डिंग मंग. अन् एका जागी बसून राहू नोको, थंड होऊ दे.”

हे आधी सांगायला काय झालं होतं, विचारलं तर म्हणाले, “आधी सांगतलं असतं तर तू ऐकलं असतं?”

 सगळे आरे कापून काढले, घासले, पुन्हा सुरुवात केली. मला आता एक गोष्ट कळते, ती इथेच लिहिते, त्यांना सांगणार नाही. काचेतून आधी नुसता उजेड दिसायचा. आता उजेडाच्या मागचं वितळलेलं लोखंड दिसतं, चमचाभर, हलणारं. त्यालाच बघत, रॉड जायच्या बाजूला थोडी झुकवून ओढत न्यायची, ढकलायची नाही. टाका संपला की वरचा थर हातोडीने उडवायचा, ब्रश मारायचा, मगच दुसरा. खालून चकचकीत टाका निघतो तेव्हा मला हसू येतं.

९ सप्टेंबर

सुशील साहू आला. नांगराचा फाळ मोडला होता. मिस्त्री “पंडरीले” गेले होते, मुहूर्त बघूनच जातात. मी म्हटलं, मी जोडते. सुशीलचा चेहरा असा झाला जसा मी त्याच्या दातांचं ऑपरेशन करणार आहे. पण धानाची कामं खोळंबलेली, दुसरीकडे जायला वेळ नाही, बसला बिचारा स्टुलावर.

झाल्यावर त्याने फाळ उलटासुलटा केला. हातोडीने ठोकला. मग म्हणाला, “हव भउजी. ए दारी जोड उपर हे.” म्हणजे या वेळी टाका जोडावरच आहे.

मिस्त्री आल्यावर मी सांगितलं नाही. त्यांनी कोपऱ्यातला उरलेला तुकडा उचलला, त्यावर मी आधी करंट बघायला टाका घातला होता. अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.  पाठ फिरवून दाराशी जाऊन उभे राहिले. कौतुकाचा एक शब्द खर्च झाला असता तर दुकान बुडणार होतं.

२१ सप्टेंबर

आज मी त्यांना पकडायचं ठरवलं. भर दुपारी ते पुन्हा दाराच्या चौकटीला खांदा आपटून आत आले. मी खडूने दुकानाच्या फरशीवर एक सरळ रेघ मारली. “चाला यावरून. पिलेला माणूस सरळ चालत नाही.”

ते हसले. “काय पोट्टेपणा लावला?” तरी चालले. आणि मी काय बघते? सरळ. माझ्यापेक्षा सरळ. पाऊल एकदाही रेघेबाहेर नाही. मी हरले म्हणून चिडणार, तेवढ्यात त्यांचा गुडघा रेघेच्या डावीकडच्या रंगाच्या डब्यावर आदळला. मोठा, पिवळा डबा. डबा पडला, झाकण घरंगळत गेलं.

“कोणं ठेवला इथं?”

“तुम्हीच ठेवला. सकाळी.”

“हो का,” म्हणाले, आणि गुडघा चोळत खुर्चीवर बसले. मग काही झालंच नाही असं दाखवत उभ्या सांध्याचं सांगायला लागले, खालून वर जायचं, करंट कमी करायचा, कडांना क्षणभर थांबायचं. मला इतका संताप आला की मी त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन जीभ काढली, नेहमीसारखी. मिस्त्रींनी मोठ्या मनाने दुर्लक्ष केलं, नेहमीसारखं.

जीभ बाहेर तशीच राहिली माझी. मी हात वर केला. त्यांच्या कानापासून वीतभर अंतरावर बोटं हलवली. ते बोलतच होते. मूठ उगारली. ते बोलतच होते. “अन् कडेले खोबण राहिली तर समज, करंट जास्त झाला.” मी उजवीकडे गेले. तिकडेही तसंच. मग मी समोर येऊन उभी राहिले, तेव्हा ते माझ्याकडे पाहून म्हणाले, “रडून काहून राहिली? उभा सांधा एवढा काही कठीण नसते.”

२२ सप्टेंबर

काही लिहवत नाही. वास येत नव्हता. वास कधीच येत नव्हता. माझं नाक चांगलं आहे, सादळलेला चिवडा मी दुसऱ्या खोलीतून ओळखते. मी दोन महिने एका माणसाला दारुडा म्हणत होते आणि तो हो म्हणत होता.

२६ सप्टेंबर

चार दिवस मी वाट पाहिली, ते सांगतील. ते कसले सांगतात. आज सकाळी ते मोरीजवळ पाठमोरे उभे होते, मान मागे, हातात ती बाटली. मी मागून नेहमीच्याच आवाजात विचारलं, “आज किती घेतली?”

हात तिथेच थांबला. मग म्हणाले, “दोन थेंब. एक डाव्यात, एक उजव्यात.”

मी खाली पायरीवर बसले. तेही बसले, हाताने पायरी चाचपून. काचबिंदू आहे म्हणाले. पंडरीच्या बाजूला डॉक्टर आहेत. “पाइपातून पाह्यल्यासारखं दिसते. समोरचं दिसते, बाजूचं गेलं. काळी काच लावली का सांधा सापडतच नाही. गेलं ते येत नाही. थेंब टाकत राह्यलो तर उरलं ते टिकते म्हणते डॉक्टर.” वेल्डिंगने झालं का, मी विचारलं. “नाही. तुमच्या वडलाले होतं का, असं इचारलं डॉक्टरनं. बाबा शेवटी भिंत धरूनच चालत होते नं? आपण म्हणत होतो, म्हातारपण.”

“मग दारू काहून म्हटली?”

“मी कुठं म्हटली? तूच म्हटली. मले सोय झाली.” बाटलीचं झाकण लावत म्हणाले, “पाह्य रुचिता, पिणाऱ्या मिस्त्रीले लोक काम देतात. शिव्या घालतात, पण देतात. न दिसणाऱ्याले कोण देते?”

“अन् मले? मले सांगाले काय झालं होतं?”

“तुले सांगितलं असतं तर तू रडत बसली असती. मले डॉक्टर डॉक्टर फिरवलं असतं, सगळं लोखंड विकलं असतं. रागावली म्हून शिकली.”

मी त्यांना एक चापट मारली. दंडावर, जोरात. समोरून मारली, दिसेल अशी. मग दोघंही रडलो. रीना आतून आली आणि दारात उभी राहिली. तिला सगळं माहीत होतं. “पापा ने कसम दी थी,” म्हणाली. मी स्वतःला डोळस समजत होते आणि घरात एकट्या मलाच दिसत नव्हतं. पुढच्या वेळी पंडरीला मी सोबत जाणार आहे. येताना एक साडी घ्यायची, इतक्या चकरांचा काहीतरी कपडा तर घरात आला पाहिजे.

एक गोष्ट ठरवली. रस्त्यात कोणी बाजूने जय भीम म्हटलं की मी त्या बाजूचं कोपर दाबायचं. मिस्त्री म्हणाले, “डावं दाबलं तर डावीकडे, उजवं दाबलं तर उजवीकडे. होल्डर धरल्यासारखं घट्ट नोको धरू फक्त.”

१४ ऑक्टोबर

फाटक बसलं. निळा रंग, मधोमध चक्र, एकही आरा वाकडा नाही. काल दुपारी मिस्त्रींनी एक एक करून सगळ्या आऱ्यांवरून अंगठा फिरवला. एका जागी थांबले आणि म्हणाले, “इथं तुझा हात थरथरला.” खरं आहे. तो आरा मी बावीस सप्टेंबरला लावला होता.

सकाळी विहारासमोर सगळा पारा पांढऱ्या कपड्यांत. मिस्त्री माझा हात धरून आले. मागे कोणीतरी पुटपुटलं की दारू सुटलेली दिसते याची, कसा सरळ चालून राहिला. बातमी पाऱ्यात पोचलेली होतीच, माझ्याच तोंडून पोचली असणार. आता ती परत कशी घेऊ?

कमलाताईंनी फाटक ढकललं. ते आवाज न करता उघडलं. त्यांनी चक्रावर हात ठेवला, डोळे भरून आले त्यांचे. माझेही आले. इतक्या वर्षांत मी पोळ्या केल्या, बिलं केली, भांडणं केली, पण मी केलेल्या कशालाही कोणी असं हात लावून उभं राहिलं नव्हतं. आणि हे मी केलं, हे कोणाला माहीत नव्हतं; पाऱ्याच्या मते मी नुसती मिस्त्रींच्या हाताखाली रॉडा पुरवते.

“भूषण,” कमलाताई म्हणाल्या, “असं काम बाहेरच्याकडून झालं नसतं. आता खिडक्यांच्या जाळ्या तूच कराच्या. दुसऱ्या कोणाचा हात नोको मले. तुझाच पाहिजे.”

मिस्त्रींनी माझ्याकडे तोंड वळवलं. त्यांना सगळं सांगून टाकायचं होतं, ओठ हलले होते. हिचं काम आहे हे, एवढंच नाही, डोळ्यांचंही. मी त्यांचं मनगट दाबलं. जाळ्यांचं काम मिळालं की दिवाळीनंतरही दुकान उघडं राहतं. एकदा माझ्या हाताच्या कामाची लोकांना खात्री पटली की सांगू. तोवर नाही.

“हो ताई,” मी म्हटलं. “सगळा त्यांचाच हात आहे.”

“हो,” मिस्त्री म्हणाले. “माझाच.”

मग आत वंदना. पंचशील सुरू झालं. पहिलं, दुसरं, तिसरं आम्ही सगळ्यांसोबत म्हटलं. चौथ्याला माझ्या शेजारी शांतता झाली. मी कान दिला तर माझ्याही बाजूने काही आवाज येत नव्हता. सगळा विहार म्हणत होता, आम्ही दोघं हात जोडून खाली पाहत उभे. पाचवं आलं आणि मिस्त्री खणखणीत आवाजात म्हणाले. त्यांच्यापेक्षा मोठ्याने मी म्हटलं.

वंदना संपली तेव्हा डावीकडच्या रांगेतून कमलाताई आमच्याकडेच बघत होत्या. त्यांनी हात जोडले आणि ओठ हलवले. मी डावं कोपर दाबलं. मिस्त्री डावीकडे वळले, हात जोडले आणि म्हणाले, “जय भीम, ताई.”